कारेलीबागेतलं दगडफूल

कारेलीबागेतल्या मंगलदीप सोसायटीत प्रेमला दळवीला तोंडावर सगळे प्रेमलाबेन म्हणत आणि पाठीमागे दगडफूलवाली. तोंडावर मान द्यायचं कारण असं की, बारावीच्या पोरांना बायॉलॉजी शिकवणारं आसपास दुसरं कोणी नव्हतं. पाठीमागच्या नावाचं कारण असं की, तिशी उलटलेली, चांगल्या घरची, कॉलेजात नोकरी करणारी बाई सकाळी सकाळी डोळ्याला भिंग लावून कंपाउंडच्या भिंतीवर नाक टेकवून उभी दिसली, तर लोकांनी दुसरं काय म्हणावं? लोक एरवी वाईट नव्हते. फक्त त्यांना वेळ फार होता.

दगडफूल आपल्याला ठाऊक असतं ते गोड्या मसाल्यातलं. वाण्याकडून पुडीत येतं, तेलावर परतलं की घरभर वास सुटतो, आणि ते मुळात काय आहे हे परतणारीला कोणी सांगितलेलं नसतं. त्याचेच भाऊबंद भिंतीवर, दगडावर, झाडाच्या सालीवर फिकट डाग होऊन चिकटलेले असतात. शास्त्रात त्यांना शैवाक म्हणतात. एक बुरशी आणि एक शेवाळ यांचा तो एकत्र संसार. बुरशी घर देते, शेवाळ अन्न शिजवतं. पुस्तकात या संसाराला सहजीवन असं गोड नाव आहे. शेवाळाला विचारून ते ठेवलंय की कसं, याबद्दल पुस्तक काही बोलत नाही.

प्रेमला वनस्पतिशास्त्राच्या विभागात डेमॉन्स्ट्रेटर होती. म्हणजे प्राध्यापकांनी फळ्यावर काढलेलं चित्र खरोखर कसं दिसतं ते मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायचं, काचा पुसून ठेवायच्या आणि प्राध्यापक रजेवर असले की त्यांचा तासही घ्यायचा. डॉक्टरेट नव्हती म्हणून वर सरकता येत नव्हतं. डॉक्टरेटसाठी विषय हवा, आणि तो मिळेपर्यंत आई आजारी पडली. एक्क्याण्णवच्या श्रावणात आई गेली तेव्हा प्रेमलाच्या लक्षात आलं, की आजारपणाच्या धावपळीत आपलं लग्नाचंही राहून गेलं. धाकटा भाऊ हेरंब इंजिनिअर होऊन बंगलोरला गेला होता, तिथे कॉम्प्युटरच्या कंपन्या नव्याने उघडत होत्या. घरात उरले ती आणि तिचे वडील.

सुभानराव दळवी सरकारी बांधकाम खात्यातून ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झालेले. त्यांचे वडील संस्थानच्या काळात दफ्तरात होते, आणि घरातला पुरुष चुलीपाशी जात नाही हा त्या काळातला नियम सुभानरावांनी बडोद्यात गॅसच्या शेगड्या आल्यावरही नीट पाळला. चहा गाळायचा कसा हे त्यांना बायको जाईपर्यंत ठाऊक नव्हतं, आणि ती गेल्यावर शिकायची त्यांना गरज पडली नाही. एक काम मात्र ते स्वतः करत, कोणाला हात लावू देत नसत, ते म्हणजे दिवाळीआधीची सफेदी. नवरात्र संपलं की कळीचा चुना आणून पिंपात विरवायचा, चार दिवस मुरू द्यायचा, पातळ कापडातून गाळायचा, त्यात तांदळाची पेज, मूठभर मीठ आणि शेवटी पुरचुंडीत बांधलेली नीळ. नीळ किती घालायची हा हिशेब त्यांच्या बोटांत होता. त्यांची भिंत शेजाऱ्यांच्या भिंतीसारखी पिवळट पांढरी कधी दिसली नाही, चांदण्यासारखी निळसर पांढरी दिसायची. भिंत झाली की वाफ्यांच्या कडेचे दगड, आणि दगड झाले की फाटकापुढच्या कडुनिंबांचे बुंधे कमरेइतके. खात्यात रस्त्याकडेची झाडं रंगवून घेतलेली, ती सवय गेली नव्हती.

ब्याण्णवच्या मे महिन्यात प्रेमला पुण्याला शिक्षकांच्या तीन आठवड्यांच्या उजळणी वर्गाला गेली. तिथे शैवाकांवर शिकवायला डॉ. विश्राम सावे होते. एका संशोधन संस्थेत त्यांचं सगळं आयुष्य या फिकट डागांवर गेलं होतं. बोलायला रुक्ष, पण हातातला तुकडा दगडाचा असो की सालीचा, त्याच्याकडे असं बघायचे की बघणाऱ्यालाही बघावंसं वाटावं. प्रेमलाला पहिल्यांदाच वाटलं की हे आपलं काम आहे. सावेंनाही तिचा हात आवडला असावा, कारण निघायच्या दिवशी त्यांनी तिला सरळ विचारलं, संशोधन सहायकाची जागा आहे, जानेवारीपासून या, डॉक्टरेट माझ्याकडे करा.

ती घरी आली तीच मुळी निघायच्या तयारीने. आबांना, म्हणजे सुभानरावांना, तिने भीतभीत सांगितलं. ते नको म्हणाले नाहीत. ते कधीच नको म्हणत नसत. चांगलं आहे, म्हणाले, आणि मग त्या आठवड्यात त्यांना दोनदा चक्कर आली. डॉक्टरांना काही सापडलं नाही. प्रेमलाने जेवणाच्या डब्याची चौकशी केली, हेरंबशी फोनवर बोलली, धुणंभांडी करणाऱ्या बाईला जास्त वेळ थांबायला पटवलं. मनाने ती तोवर पुण्यात राहायला लागली होती.

आणि मग दिवाळीनंतरच्या रविवारी तिला ते दिसलं.

सावेंनी शिकवलेलं विसरू नये म्हणून ती रोज सकाळी कंपाउंडची भिंत भिंगाखाली घालत होती. ओल धरणाऱ्या खालच्या भागात राखाडी-पांढरे गोल चट्टे होते. आबांनी त्या वर्षी ते तिच्यासाठी म्हणून कुंचा बाजूबाजूने फिरवून राखले होते, त्याचं तिला केवढं कौतुक वाटलं होतं. त्या चट्ट्यांवर आज बारीक, निळसर पांढरी भुकटी दिसत होती. शैवाकांवर पांढरी भुकटी असते, ती ओळखीची एक खूण असते. निळसर मात्र तिच्याजवळच्या कुठल्याही पुस्तकात नव्हती. तिने वाफ्याचे दगड बघितले, तिथेही तेच. कडुनिंबाच्या सालीवर, तिथेही तेच. भिंत, दगड आणि साल, तिन्हीकडे एकच चीज, आणि ती कोणी नोंदवलेली नाही.

तिने पद्धतीने सगळं केलं. पोटॅशचा थेंब टाकला, रंग बदलला नाही. ब्लीचिंगच्या निवळीचा थेंब टाकला, रंग बदलला नाही. दाढीच्या पात्याने पातळ काप घेतले, काळ्या ठिपक्यांतले तपकिरी बीजाणू बघितले. पुण्याहून आणलेल्या ओळखसूत्रात एकेक प्रश्न विचारत खाली आली, आणि भुकटीच्या रंगाशी येऊन अडकली. अतिनील दिवा विभागात होता, पण तो नादुरुस्त होता आणि दुरुस्तीचा अर्ज कुठल्या तरी टेबलावर होता. दिवा नाही म्हणून काही एवढं अडत नाही, असं तिने स्वतःला सांगितलं. माणसाला जेव्हा एखादी गोष्ट फार हवी असते, तेव्हा त्याचं असं कशानेच अडत नाही.

इथे कोणीही विचारील, की बाई, भिंतीला चुना नुकताच मारलेला, चुन्यात नीळ, आणि चट्ट्यावर निळसर पांढरी पूड. एवढं समजायला डॉक्टरेट लागते? नाही लागत. उलट थोडी कमी शिकलेली असती तर चटकन समजलं असतं. प्रेमलाने चुना पाहिला होता, पण चट्टे राखलेले पाहिले होते, कुंचा झटकताना उडणारे शिंतोडे पाहिले नव्हते. चुन्याच्या शेजाराने वाढणारी जात, असं तिने टिपणात लिहिलं आणि तो शोधाचा भाग समजली. लहानपणापासून दर दिवाळीला त्या पिंपाजवळून ती गेली होती. इतक्या ओळखीच्या वस्तूकडे माणूस बघत नाही.

पुण्याला तिने नम्रपणे कळवलं की घरच्या अडचणीमुळे यायला जमत नाही. खरं कारण तिने सावेंना सांगितलं नाही, कारण आता ज्यांच्याकडे तिने डॉक्टरेटसाठी नाव नोंदवलं, त्या विभागातल्याच मार्गदर्शकांनी तिला बजावलं होतं, नवी जात सापडल्याचं कुणापाशी बोलू नका, लोक नाव चोरतात. हे गृहस्थ विहिरीतल्या शेवाळाचे तज्ज्ञ होते, त्यामुळे शैवाकातलं त्यांना निम्मंच कळत असे. नवी जात बारा महिने डोळ्यांखाली ठेवायला हवी, ती कारेलीबागेत आहे, तेव्हा प्रेमलाही कारेलीबागेतच हवी. हे सगळं तिने आबांना उत्साहाने समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाले, तुला योग्य वाटतं ते कर. त्यानंतर त्यांना चक्कर आली नाही.

वर्षं गेली, आणि ती वाईट गेली असं म्हणता येणार नाही. खरं तर त्या बाईच्या आयुष्यातली तीच सुखाची वर्षं. बाहेर बडोदं बदलत होतं. कायनेटिक स्कूटरी आल्या, केबल आली, सोसायटीतली पोरं घरातून मराठीत ओरडत निघायची आणि फाटकाबाहेर पडली की गुजरातीत हसायची. प्रेमला संध्याकाळी ट्यूशन घ्यायची आणि सकाळी आपल्या जातीला भेटायची. पावसाळ्यात निळाई धुपून जायची, दिवाळीनंतर परत यायची. तिने त्यावर एक प्रकरण लिहिलं, ऋतूप्रमाणे होणाऱ्या बदलांचं. ते प्रकरण प्रबंधातलं सगळ्यांत चांगलं होतं असं मार्गदर्शक म्हणायचे. जातीचं नाव तिने मनात ठरवून टाकलं होतं, सुभानरावांच्या नावावरून. लॅटिनमध्ये ते कसं होईल हे तिने त्यांना म्हणूनही दाखवलं. ते हसले, आणि सोसायटीच्या बाकावर चारचौघांना सांगून आले.

मध्ये सगळ्या सोसायटीने चुना सोडला. बाहेरून मारायचे पक्के रंग आले होते, टिकाऊ, पावसाला न जुमानणारे, बदामी नाहीतर फिकट गुलाबी. हेरंबने बंगलोरहून आपण होऊन सांगितलं की घराला एकदा तो रंग लावून घ्या, मी बघतो खर्चाचं. सुभानराव त्याच्यावर फोनवर चिडले. ताईचं संशोधन चाललंय ते दिसत नाही का, म्हणाले. सोसायटीच्या सभेतही ते एकटे चुन्यासाठी भांडले. गुडघे दुखत असताना स्टुलावर बसून, खाली वाकून, दरवर्षी त्यांनी कुंचा मारला. प्रेमला कॉलेजात सगळ्यांना सांगायची, बाप असावा तर असा.

नव्याण्णवच्या हिवाळ्यात प्रबंध तपासून झाला आणि तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक म्हणून आले डॉ. विश्राम सावे. मार्गदर्शकांना दुसरं नाव सुचलं नसावं. परीक्षा दुपारी होती. सावे सकाळीच रिक्षा करून कारेलीबागेत आले, म्हणाले, प्रबंध वाचला, पण मला आधी ती जिवंत बघायची आहे. त्यांचे केस आता पांढरे झाले होते. प्रेमलाने इस्त्रीची साडी नेसली होती. सुभानरावही स्वच्छ सदरा घालून फाटकापाशी उभे होते.

सावे भिंतीशी उकिडवे बसले. भिंगातून बराच वेळ बघत राहिले. दगड बघितला, साल बघितली. मग खिशातल्या छोट्या बाटलीतून त्यांनी सौम्य आम्लाचा एक थेंब चट्ट्यावर टाकला. थेंबाला फेस आला. फेसाबरोबर निळाई विरून गेली, आणि कुजक्या अंड्यासारखा हलका वास आला. त्यांनी रुमालाने तो भाग टिपला. खाली साधा, राखाडी, फिकट चट्टा होता. त्यांनी पिशवीतून हातात मावणारा अतिनील दिवा काढला, अंगावरच्या शालीने अंधार केला आणि प्रेमलाला आत बघायला सांगितलं. चट्टा पिवळा चमकत होता.

“ही पिक्सिने कोकोएस आहे,” सावे म्हणाले. “शहरात सगळीकडे असते. आमच्या संस्थेच्या फाटकाजवळच्या आंब्यावरही आहे.”

प्रेमलाला एवढंच कळत होतं, की आपण पुण्याला गेलो असतो तर हे पहिल्या आठवड्यात कळलं असतं.

सावेंनी वळून सुभानरावांना विचारलं, चुन्यात नीळ घालता का. सुभानराव म्हणाले, पूर्वीपासूनच घालतो. आणि मग, “चहाचं बघतो,” असं म्हणून ते घरात गेले. प्रेमला त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. आई गेल्याला आठ वर्षं झाली होती, आणि या माणसाने कधी चहाचं बघितलं नव्हतं.

सावे भला माणूस होता, आणि त्या दिवशी त्या भलेपणाचाच तिला सगळ्यांत जास्त त्रास झाला. ओरडले असते तर भांडता आलं असतं. ते म्हणाले, दुपारी सगळ्यांसमोर हे निघण्यापेक्षा तुम्हीच प्रबंध मागे घ्या, प्रकृतीचं कारण द्या, मी काही बोलणार नाही. जाताना म्हणाले, तुमचं निरीक्षण उत्तम आहे, फक्त एका माणसाला दाखवायला हवं होतं. चहा न घेताच गेले. चहा झालाही नव्हता, आत सुभानराव पातेलं शोधत होते.

ती कॉलेजात गेली. प्रबंध मागे घेतला. मार्गदर्शक आधी घाबरले, आणि आपल्यावर काही येत नाही हे पाहिल्यावर त्यांना तिच्याबद्दल वाईट वाटायला लागलं. दिवेलागणीला ती परत आली तेव्हा सुभानराव ओट्यावरच्या हिंचक्यावर झोके घेत बसले होते. ती चपला न काढताच समोर उभी राहिली.

“आबा, तुम्हाला ठाऊक होतं?”

त्यांनी हिंचका पायाने थांबवला. “पहिल्याच वर्षी ओळखलं. नीळ मी कालवतो, मला नाही कळणार?”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर तू पुण्याला गेली असतीस.”

त्यांच्या आवाजात शरम नव्हती. इमारतीच्या पायाला किती फूट खोदलं हे साहेबाला सांगावं, तसं त्यांनी सांगितलं. पुढचं तिने विचारून काढून घेतलं. पहिल्या वर्षी शिंतोडे आपोआप उडाले होते. दुसऱ्या वर्षीपासून त्यांनी कुंचा त्या चट्ट्यांवर मुद्दाम झटकला. तू खुशीत होतीस, म्हणाले, सकाळी गाणं गुणगुणायचीस. भिंतीला दुसरा रंग चढला असता तर ते संपलं असतं, म्हणून हेरंबला नको म्हटलं. आणि नंतर नंतर, म्हणाले, तुझा प्रबंध होऊनच जाईल असं वाटायला लागलं, एवढी मोठी माणसं वाचतात, त्यांनाही कळलं नाही तर काय बिघडलं. तिला त्यांच्याकडे बघवेना. सगळ्यांत वाईट हे होतं, की ते खोटं बोलत नव्हते. त्यांचं तिच्यावर प्रेम होतं. त्या प्रेमाला तिचं जाणं तेवढं परवडत नव्हतं.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, खिचडी टाकतेस का.

तिने टाकली. आणि त्या रात्रीच नव्हे, त्यानंतरही कधी तिने तो विषय काढला नाही. याला कोणी समजूतदारपणा म्हणेल. तो समजूतदारपणा नव्हता. बोलून मोकळं व्हायला समोरच्याला आपलं म्हणावं लागतं, आणि ते तिला आता जमत नव्हतं.

पुढच्या दिवाळीला तिने कंत्राटदाराला बोलावून तारेच्या ब्रशने भिंत खरवडून घेतली आणि बदामी रंग मारून घेतला. सुभानराव खुर्ची टाकून बघत बसले. दगडांचं काय, झाडांचं काय, असं एकदा म्हणाले. ती ऐकू न आल्यासारखी आत गेली. कॉलेजात तिच्याहून दहा वर्षांनी लहान, तिच्याकडून काप घ्यायला शिकलेली एक मुलगी डॉक्टर होऊन तिची वरिष्ठ झाली. प्रेमला तिला मॅडम म्हणायची आणि काचा पुसून ठेवायची. विभागाच्या संग्रहातल्या आपल्या नमुन्यांच्या पाकिटांवरचं जुनं नाव खोडून तिने ‘पिक्सिने कोकोएस, अतिशय सामान्य’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. दर वर्षी मुलांना दाखवायला नमुना लागायचा, तो ती त्यातूनच काढायची.

सुभानराव थकत गेले. ऐंशी ओलांडल्यावर आधी जिना सुटला, मग फाटक, मग ओटा. डोळे अधू झाले. त्यांना आता एकच ओढ होती, हेरंबच्या मुलीची. ओवी तिचं नाव. ती तीन वर्षांची असताना एकदा बडोद्याला आली होती आणि आजोबांच्या मिश्या ओढून गेली होती. तेवढ्या आठवणीवर ते जगत होते. दिवसातून चार वेळा ओवी आता केवढी झाली असेल, असं विचारायचे, आणि उत्तराची वाट न बघता हाताने उंची दाखवायचे.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात हेरंबचा प्रेमलाच्या मोबाइलवर फोन आला. घरातला जुना फोन अर्धा वेळ बंदच असायचा. ती तेव्हा कॉलेजच्या आवारात होती. हेरंब म्हणाला, ताई, आम्ही तळमजल्याचं मोठं घर घेतलंय. आबांसाठी वेगळी खोली आहे, दिवसभराची नर्स ठेवतो, ओवी तर रोज विचारते. तू पंधरा वर्षं केलंस, आता तू मोकळी हो. विमानाने नेतो, तिथला हरणीचा विमानतळ तुमच्या घरापासून दहा मिनिटांवर, त्यांना काही त्रास होणार नाही. एकदा आबांना विचारून सांग.

प्रेमला झाडाच्या सावलीत थांबली. बोलायला तिला वेळ लागला नाही, आणि याचंच तिला नंतर नवल वाटलं.

“डॉक्टर प्रवासाला नको म्हणतात,” ती म्हणाली. “आणि त्यांनाही हे घर सोडवत नाही रे. मी विचारून बघितलंय.”

तू आहेस म्हणून आबा आहेत, हेरंब म्हणाला, मला तर तुझ्या पायावर डोकं ठेवावंसं वाटतं. तो त्यानंतर दर महिन्याला विचारायचा, आणि ती दर महिन्याला तेच सांगायची. सोसायटीत तिचं नाव झालं. आजकाल पोटची पोरं बघत नाहीत, प्रेमलाबेनकडे बघा, असं बायका आपल्या सुनांना ऐकवायच्या. प्रेमला मान खाली घालून ऐकून घ्यायची. लोकांना तो विनय वाटायचा.

ती त्यांचं सगळं वेळेवर करायची, यात खोट नव्हती. औषधं, स्नान, मऊ भात, पाठीला पावडर. हेरंबच्या फोनची गोष्ट तेवढी ती त्यांना सांगायची नाही. तिला ठाऊक होतं की आपण काय करतोय. एखाद्या दुपारी त्यांचं वाळलेलं तोंड बघून तिच्या ओठांपर्यंत यायचं, आणि मग ती उठून दुसऱ्या कामाला लागायची. ते बंगलोरला गेले असते तर घर रिकामं झालं असतं. पन्नाशीला आलेली, नोकरीत कुठेही न पोचलेली बाई त्या रिकाम्या घरात एकटी काय करणार? आपल्या बापालाही त्या वेळी असंच वाटलं असेल, हे तिला कळत होतं. कळून माफ करावंसं मात्र वाटत नव्हतं, त्यांना नाही आणि स्वतःलाही नाही.

त्या पावसाळ्यात एका संध्याकाळी ती त्यांना भरवत होती. त्यांनी दुसऱ्या घासाला हात आडवा केला आणि आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं.

“प्रेमा, हेरंबला आमची आठवण येत नाही का ग? एकदा तरी म्हणाला का, या म्हणून?”

तिने घास चमच्यात नीट करून घेतला.

“म्हणाला नाही, आबा,” ती म्हणाली. “तोंड उघडा.”